मदत हवी आहे: दिवाळे ते रेवदंडा, पौषाच्या थंडीत लहान होडीने. निघावं कधी?

नमस्कार मंडळी,

बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातून लिहितोय. बाबा 76 वर्षांचे आहेत, पन्नास वर्षं खाडीत आणि दर्यात काढलेली, बरीचशी तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख म्हणून. आमची होडी फाल्गुनात विकायची ठरली आहे. त्याआधी तिच्यातून एकदा रेवदंड्याला आत्याकडे जायचं, एवढंच त्यांनी मागितलंय. लहानपणी ते आजोबांबरोबर शिडाच्या होडीने जायचे. एसटी आहेच, पण त्यांना पाण्यानेच जायचंय आणि मला त्यांना न्यायचंच आहे.

होडी पंचवीस फुटी, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताशी दहा किलोमीटर धरा. पनवेल खाडीतून बाहेर पडून अटल सेतूखालून, उजवीकडे घारापुरी, डावीकडे न्हावा-शेवा बंदर, मग मोरा, करंजा, रेवसचं मुख, मांडवा, थळ, अलिबाग आणि रेवदंडा. साठेक किलोमीटर, म्हणजे सहा तास.

बाबांचा हिशोब तिथीचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पुनवेला भरती अकरा-बाराच्या सुमाराला येते, म्हणजे पहाटे खाडीत नुसता चिखल. अष्टमीला मात्र आठची पाऊणपट सहा. म्हणून त्यांनी वद्य अष्टमी धरली आहे. पहाटे वर अर्धा चंद्र, पाणी भरलेलं, उजाडताच निघायचं आणि सुकतीबरोबर, म्हणजे ओहोटीबरोबर, खाली सरकायचं. भांगाचं पाणी (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) असल्याने ओढ कमी मिळेल, पण रुतायची भीतीही कमी. सकाळी मतलई वारा जमिनीवरून येतो तोवर दर्या शांत असतो. दुपारी वायव्येचा खारा वारा उठायच्या आत रेवदंडा गाठायचं.

हिशोब चोख आहे. अडचण धुक्याची आहे. गेल्या रविवारी सेतूपर्यंत फेरी मारून पाहिली. साडेसहाला होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, दिसत नव्हती. बाबांच्या भुवयांवर पाण्याचे थेंब जमले होते. सुकाणावरची बोटं आखडली की ते हात खाडीच्या पाण्यात बुडवायचे. "पानी गरम हाय, वारा गार हाय," म्हणाले. मीही हात घातला, पाणी खरंच कोमट होतं. त्यातच इंजिन तापलं. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडात प्लास्टिकची पिशवी अडकली होती. ती काढेपर्यंत आम्ही वाहत गेलो, आणि जवळच कुठेतरी मोठ्या जहाजाचा भोंगा वाजत होता. तो आवाज नेमका कुठून येतोय ते बाबांनाही सांगता येईना. मी घाबरलो होतो.

धुकं विरायला साडेआठ-नऊ वाजतात. तेव्हा निघालो तर थळसमोरच्या खांदेरी बेटाजवळ येईपर्यंत दुपारचा एक वाजेल आणि खारा वारा पाठीवर येईल. लहान होडीला मागून येणारी लाट किती त्रास देते ते तुम्हाला माहीतच आहे.

ज्यांनी हा पट्टा हिवाळ्यात केला आहे त्यांनी सांगा: उशीर झालाच तर मांडव्याला किंवा थळला रात्र काढून दुसऱ्या पहाटे पुढे जावं का? लहान होडी नांगरायला दोन्हींतली बरी जागा कुठली? खांदेरी-उंदेरीच्या बाहेरून जावं की आतून? डोलीचे (खुंटांना बांधलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे) खुंट आणि जाळी सध्या कुठे कुठे आहेत? बाबांच्या आठवणीतल्या जागा वीस वर्षांपूर्वीच्या. आणि रेवदंड्याला कुंडलिका नदीच्या मुखाशी सुकतीला आमच्यासारख्या होडीपुरतं पाणी उरतं का? ठरल्याप्रमाणे पोचलो तरी तिथे ऐन सुकतीच असेल.

थंडीचंही सांगा. बाबांना कफाचा त्रास आहे. कानटोपी, स्वेटर आणि वर लाइफ जॅकेट याला त्यांनी होकार दिलाय. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीच्या वाटेवर बोटीचा अपघात झाला, तेव्हापासून आमच्या घरात जॅकेटशिवाय कोणी होडीत चढत नाही. पण अंगावर पाणी उडून कपडे भिजले की सहा तास वाऱ्यात बसवायचं कसं? ताडपत्रीचा आडोसा केला तर तेवढाच वारा धरतो आणि होडी कलते.

तटरक्षक दलाचा 1554 नंबर दोन्ही फोनमध्ये आहे. सोबत चुलतभाऊ येणार, तो पट्टीचा पोहणारा आहे.

अष्टमीला बारा दिवस आहेत. मी रोज रात्री इथे बघेन. "नेऊ नकोस" असं कोणाचं मत असेल तर तेही कारणासह लिहा, मी बाबांना वाचून दाखवेन.