अनुभव धागा: तुमच्या गल्लीला हे नाव कसं पडलं? (खान्देश)

खान्देशातल्या शहरांत वाढलेल्या सगळ्यांना आवताण. तुमच्या गल्लीचं, रस्त्याचं, चौकाचं नाव कुठून आलं आणि ते तुम्हाला घरात कोणी सांगितलं, ते इथे लिहा. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा रिक्षावाल्याला तुम्ही काय सांगता ते जास्त हवं आहे. हे सांगणारी पिढी आता थकत चालली आहे, म्हणून घाई करते आहे. सुरुवात माझ्यापासून, धुळ्यातून; पुढे ज्याने त्याने आपल्या गावाच्या नावाखाली लिहा.

धुळे

माझं बालपण गल्ली नंबर चारमध्ये गेलं. नाशिकची आत्तेबहीण सुट्टीत आली की विचारायची, "तुमच्या गल्लीला नाव नाही का गं?" नंबर हेच आमचं नाव! 1818 मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळं हे मुख्य ठाणं म्हणून निवडलं आणि जुन्या धुळ्याशेजारी नवी पेठ आखली. सरळ, एकमेकींना समांतर गल्ल्या. दोनशे वर्षांनंतरही त्या आखणीत परका माणूस हरवत नाही, याचा मला फार अभिमान आहे. बाजारपेठेतला मोठा रस्ता म्हणजे आग्रा रोड, कारण मुंबईहून आग्र्याला जाणारा रस्ता इथूनच जायचा. हायवे शहराबाहेर गेला, नाव इथेच राहिलं. पाचकंदीलचं आजोबा सांगायचे: चौकात दिव्याचा खांब होता, त्याला पाच कंदील. संध्याकाळी ते पेटले की मुलांनी घरी यायचं, असा वाड्यातला नियम होता म्हणे.

भुसावळ

आम्ही आगवाली चाळीतले. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारा तो आगवाला. माझे आजोबा आगवाले होते. ड्रायव्हर हुकूम करायचा, पण इंजिन खरं चालायचं आगवाल्याच्या मनगटावर. आजी सांगायची, ड्यूटीवरून आल्यावर त्यांना आधी मागच्या दारी गरम पाणी द्यायचं, मग चहा, आणि मगच बोलायचं. खांडव्याकडून उतरलेली गाडी असो की नागपूरची, भुसावळला इंजिन बदलायचं, पाणी-कोळसा भरायचा. त्यासाठी माणसं लागायची, ती चाळींत राहायची. साहेब लोक पंधरा बंगल्यात. तेही नाव तसंच, बंगल्यांच्या संख्येवरून.

वाफेची इंजिनं गेली. चाळीतली मुलं आज पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतात. मध्यंतरी कोणीतरी म्हणालं, चाळीला चांगलं नाव देऊ या. मी तिथल्या तिथे विरोध केला. याहून चांगलं नाव कोणतं? राजांची, पुढाऱ्यांची नावं गावोगाव असतात. कामगाराच्या हुद्द्यावरून पडलेलं वस्तीचं नाव मला दुसरीकडे दाखवा.

नंदुरबार

माणिक चौक. 9 सप्टेंबर 1942 ला इथे मुलांची मिरवणूक आली, पोलिसांनी गोळीबार केला, पाच मुलं गेली. शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा. आमच्या शाळेत एकट्या शिरीषकुमारवर भाषणं व्हायची, पण आजी पाचही नावं घ्यायला लावायची. एखादं चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. ती त्यांच्याच वयाची होती. मी माझ्या मुलालाही तसंच पाठ करून घेतलं आहे.

जळगाव

आमचा आसोदा रोड. आसोद्याला जातो म्हणून आसोदा रोड, यात गोष्ट काय, असं वाटेल. पण बहिणाबाई चौधरींचा जन्म 1880 चा, आसोद्याचा, आणि सासर जळगावात. म्हणजे ही एका लेकीची माहेरची वाट. विद्यापीठाला 2018 मध्ये त्यांचं नाव मिळालं तेव्हा आनंद झालाच, तरी मला बहिणाबाई या रस्त्यावर जास्त भेटतात.

अमळनेर

साने गुरुजींच्या नावाचे रस्ते राज्यभर आहेत, तसा आमच्याकडेही आहे. गुरुजी 1924 ते 1930 इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे. आमच्या आजोबांचे थोरले भाऊ त्यांच्या हाताखाली शिकले, त्यामुळे घरात त्या रस्त्याला कोणी नुसतं "रोड" म्हणत नाही, पूर्ण नाव घेतात.

तालुक्याचं एक गाव, नाव देत नाही

वर सगळ्यांनी अभिमानाने लिहिलंय, म्हणून मीही लिहितो. आमच्या वस्तीचं नाव म्हणजे आमची जात. कॉलेजचा फॉर्म भरताना पत्त्याच्या रकान्यापाशी पेन थांबायचं. मुलाखतीला गेलो, समोरच्याने पत्ता वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं विसरता येत नाही. राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. आमच्याकडे ठराव झाला, नवी पाटी लागली. गावातले म्हातारे मात्र अजून जुनंच नाव घेतात. वाईट हेतूने नाही, सवयीने. मी दर वेळी थांबवतो, नवं नाव सांगतो. माझी मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिने शाळेत पत्ता मोठ्याने सांगितला. नवा.

धागाकर्ती

दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत. असे आणखी अनुभव असतील तर संकोच करू नका, गावाचं नाव द्यायचं नसेल तर देऊ नका. पारोळा, चोपडा, शहादा, चाळीसगाव इथलं अजून कोणीच आलेलं नाही. किल्ल्याजवळच्या गल्ल्यांत राहणाऱ्या पारोळेकरांनी आधी लिहा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर आज रात्रीच विचारा.