भाट्याच्या चढात पाय टेकतो, मग आंबोली जमेल का?

गोळपसडा:
नमस्कार मंडळी. नोकरी रत्नागिरीत, घर गोळपच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर. वय 44. दिवाळीपासून कामावर सायकलने जाते. सकाळी उतार, त्यामुळे प्रश्न नाही. संध्याकाळी मात्र भाट्याचा पूल ओलांडून झरी विनायक मागे पडला की चढ लागतो, आणि जांभा कापून काढलेल्या दरडीपाशी रोज एकाच जागी पाय टेकतो. दम पुरतो, गुडघे जड होतात. मागून एसटी गिअर बदलत येते आणि मी सायकल हातात धरून कडेला उभी असते. फार वाईट वाटतं.

जानेवारीत एक तरी घाट चढायचाच आहे. आंबा जवळ पडतो, पण मनात आंबोली आहे. मैत्रीण म्हणते, भाट्ये झेपत नाही तोवर घाटाचं नाव काढू नकोस. हे बरोबर आहे का? सायकलला पुढे 50 आणि 34 दातांची दोन चक्रं, मागे मोठ्यात मोठं चक्र 25 दातांचं. घेताना दुकानदार म्हणाला होता, कोकणात एवढं पुरे.

पोफळीवाला:
ताई, मैत्रिणीचं म्हणणं उलटं आहे. घाटरस्ता भरलेली गाडी चढावी म्हणून वळणं घेत काढलेला असतो, त्यामुळे चढ लांबतो पण अंगावर येत नाही. आपल्या किनाऱ्यावरचे बरेच रस्ते जुन्या पायवाटांवरून, पाखाडीच्या अंगाने सरळ सड्यावर गेलेत. एका किलोमीटरला 100 मीटर उंची म्हणजे 10 टक्के. असे तुकडे आरे-वारेला आणि खाड्यांच्या काठी तुम्हाला भेटतील. मी कुंभार्ली नेहमी चढतो. तिथे त्रास चढापेक्षा ट्रकच्या धुराचा जास्त.

तुमची खरी अडचण ते 25 दात. चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर. 34 ला 25 म्हणजे पायाच्या एका फेरीत सायकल जवळजवळ 2.85 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेऱ्या राखायच्या तर ताशी 10 किलोमीटरचा वेग हवा. खड्या चढावर आपल्यासारख्यांना तो झेपत नाही, मग फेऱ्या 35-40 वर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर. मागे 34 दात लावलेत की एका फेरीला 2.1 मीटर, तेवढ्याच फेऱ्यांना ताशी साडेसात पुरतात. कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलून घ्या. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलरही लांब केजचा (लांब दांड्याचा) लागेल, हे मेकॅनिकला आधी विचारा.

दाणोलीकडचा:
ताईनू, आंबोलीच करा. घाट चढूक ताकद कमी, धीर जास्त व्हयो.

सावंतवाडीतून साधारण 30 किलोमीटर, आंबोली सुमारे 690 मीटरवर. दाणोलीपर्यंत अंग गरम होतं, खरा घाट तिथून. पहाटे साडेपाचला निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत माथा. थंडीतसुद्धा आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही, निथळत राहतो. बाटलीत कोकम, साखर आणि नेहमीपेक्षा जास्त मीठ. पावसाळ्यात धबधब्यापाशी गर्दी आणि रस्त्याला शेवाळ, तेव्हा मात्र नको. आंबा घाट वाईट नाही, पण तो रत्नागिरी-नागपूर महामार्ग, अवजड गाड्या. पहिल्यांदा नको. पोलादपूरहून महाबळेश्वर पुढच्या वर्षासाठी ठेवा. 40 किलोमीटर आणि माथा 1,350 मीटरच्या आसपास, तो दिवसभर खातो.

सरावाला घाट शोधत फिरू नका. गोळपहून दक्षिणेला निघा. पूर्णगडला मुचकुंदीची खाडी, पुढे जैतापूरची. प्रत्येक खाडीला पाण्याच्या पातळीवर उतरायचं आणि पुन्हा सडा गाठायचा. 100 मीटरचे असे सहा चढ झाले की आंबोलीएवढी चढाई पायांत जमा झाली.

गोळपसडा:
दोघांचेही मनापासून आभार. खाड्या मोजायचं कधी सुचलंच नव्हतं, रोज त्याच रस्त्याने जाऊनही!

काल कॅसेट बदलली, डिरेलरही बदलावा लागला. आज संध्याकाळी फेऱ्या मोजत चढले. दरडीपाशी 52. चेन मोठ्या चक्रावर, तोंडाने आकडे, शेजारच्या कलमाला आलेल्या मोहोराचा वास. वर काजूच्या कुंपणापर्यंत एकदाही थांबले नाही. डोळ्यांत पाणी आलं.

एक विचारायचं राहिलं. आंबोलीहून उतरताना ब्रेक कसे धरायचे? माझे रबरी, रिमवरचे आहेत.

पोफळीवाला:
सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, वेग पडला की सोडून द्या. मध्ये दोनदा थांबून रिमजवळ हात नेऊन बघा, धग लागली तर पाच मिनिटं सावलीत. निघण्यापूर्वी रबरात रुतलेली जांभ्याची खर सुईने काढा, ती रिम खरवडते.

गोळपसडा:
आत्ताच काढली. डाव्या रबरात चार खडे निघाले, लालभडक. शनिवारी पूर्णगडचा पूल ओलांडून गावखडीकडून वर जाते. पहिली खाडी.