मदत हवी आहे: सिस्टर इन्सुलिन टोचायला सांगतात, नाही म्हटलं की हँडओव्हरला माझंच नाव

रातराणी_पुणे
नमस्कार, कोणीतरी पटकन सांगा, आज रात्री परत ड्युटी आहे. आमच्याकडे सिस्टर इन्सुलिन भरून ट्रेमध्ये ठेवतात आणि म्हणतात तू फक्त टोच, सही मी करते. काल मी नाही म्हटलं तर सकाळी हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, सगळ्यांसमोर, ही कामाला नाही म्हणते. आणि भरीला एका आजींच्या माकडहाडाला लाल झालंय तेही माझ्याच नावावर, म्हणे पोझिशन दिली नाही. मी दिली होती!! टोचू की नको एवढंच सांगा. नोकरी सोड वगैरे नको.

कोथरूडचा_काका
नर्सच इंजेक्शन देते ना? मग अडचण काय? कुठलं हॉस्पिटल?

रातराणी_पुणे
मी नर्स नाही हो काका, म्हणून तर विचारतेय. हॉस्पिटल पण नाही, म्हाताऱ्या माणसांचं केअर सेंटर आहे.

निवृत्त_सिस्टर
बाळा, तू कोर्स काय केलायस, सिस्टर एएनएम आहे की जीएनएम, रात्री किती पेशंटमागे किती जणी, पगार सेंटर देतं की दुसरं कोणी, हे सांगितल्याशिवाय काय सांगायचं? इन्सुलिन जेवणाआधीचं आहे की झोपतानाचं? कुठलं?

ब्रदर_आयसीयू
एवढं विचारायची गरजच नाही. टोचायचं नाही, विषय संपला. नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते, १९६६ चा कायदा आहे. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बीएस्सी चार वर्षं शिकून येतात ते काय उगाच? आणि जिने दिलं नाही तिने सही करायची म्हणजे खोटं रेकॉर्ड झालं. उद्या काही झालं तर सिस्टर म्हणेल मी फक्त भरून ठेवलं होतं.

शेवग्याची_शेंग
लाल झालंय त्यावर ताज्या कोरफडीचा गर लावा, माझ्या सासऱ्यांना आठवड्यात फरक होता.

निवृत्त_सिस्टर
@शेवग्याची_शेंग, अहो कोणी विचारलंय का? आणि लाल झालेल्या जागी पावडर, स्पिरिट लावून चोळायची सवय आहे ना सगळ्यांना, ती तर अजिबात नको, चोळून आतली कातडी जास्त खराब होते. बोटाने हलकं दाबून बघायचं, लाली जाऊन परत आली तर ठीक, दाबूनही तशीच राहिली तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी, लगेच सिस्टरला दाखवायची.

कोथरूडचा_काका
अल्फा बेड, ती हवेची गादी, नाही का त्यांच्याकडे? तो असला की कूस बदलावी लागत नाही म्हणतात.

निवृत्त_सिस्टर
लागते. बेड विकणारे म्हणतात लागत नाही.

रातराणी_पुणे
अल्फा बेड आहे. जीडीए केलंय मी, मदतनीसाचा कोर्स. रात्री दोन मजल्यांना एकच सिस्टर, एएनएम आहेत बहुतेक. आम्ही खाली दोघी, वर दोघी. इन्सुलिन ते मिक्सवालं (पटकन आणि हळू काम करणारं एकत्र), रात्रीच्या जेवणाआधीचं. आजी कधी चार घास खातात कधी थुंकतात, मीच भरवते. ट्रे मात्र सातलाच भरून तयार असतो. पगार मला तिथे कामाला पाठवणाऱ्या ब्युरोकडून येतो.

ब्रदर_आयसीयू
ब्युरो!! हे आधी सांगायचं ना ताई. म्हणजे तुम्ही सेंटरच्या माणूसच नाही कागदावर.

रातराणी_पुणे
त्याने काय फरक पडतो, काम तर तिथेच करते.

निवृत्त_सिस्टर
फरक पडतो. पण त्याच्या आधी इन्सुलिनचं ऐक, मला तीच जास्त काळजी वाटते. मिक्स इन्सुलिन टोचलं आणि आजी जेवल्या नाहीत तर रात्रीतून साखर खाली जाणार, आणि म्हातारी माणसं कधी घाम येऊन गप्प पडून राहतात, कधी बरळतात, सगळ्यांना वाटतं झोपल्यात नाहीतर वय झालंय. आजी काय जेवल्या हे फक्त तुला माहीत आणि डोस किती हे फक्त सिस्टरला माहीत, आणि ती सातला ट्रे भरून वर निघून जाते. तुमच्या दोघींत बोलणंच होत नाहीये. सुई कोणी टोचायची हे त्यानंतरचं.
साखर ७० च्या खाली दिसली आणि आजी शुद्धीत, नीट गिळत असल्या तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासणी, आणि सिस्टरला हाक पहिल्या मिनिटाला. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही.

ब्रदर_आयसीयू
बरोबर आहे पण सिस्टरला पाठीशी घालू नका. दोन मजले आहेत तर तिने मॅनेजमेंटशी भांडावं, हिच्या हातात सुई कशाला?

निवृत्त_सिस्टर
पाठीशी कोण घालतंय? एएनएमला दोन मजले देऊन मालक घरी झोपतो, तिने भांडलं तर दुसऱ्या दिवशी दुसरी एएनएम उभी. तुम्ही आयसीयूत एकाला एक बघता, तुम्हाला हे कळायचं नाही. तिने सुई दिली ते चूकच. पण मुलगी आणि सिस्टर एकमेकींवर ढकलतायत आणि दुसरी माणसं नेमायचा खर्च वाचतोय तो तिसऱ्याचाच.

ब्रदर_आयसीयू
आयसीयूत एकाला एक?? या एकदा आमच्याकडे बघायला.

आईचा_मुलगा
मी नातेवाईक म्हणून लिहितो. माझी आई अशाच ठिकाणी होती. फोन केला की सिस्टर फाईल बघून 'स्टेबल आहेत' सांगायच्या आणि मदतनीस ताई सांगायच्या आज पोळी खाल्ली नाही, वरणभात खाल्ला, डावा पाय दुखतोय म्हणत होत्या. फाईलमध्ये त्या ताईंना लिहायची परवानगीच नव्हती! लाल झाल्याचा फोटो काढून ठेवा, पुरावा राहील.

निवृत्त_सिस्टर
स्वतःच्या मोबाईलवर पेशंटच्या अंगाचा फोटो नको, घरच्यांना विचारल्याशिवाय तर मुळीच नको, त्यावरूनच काढून टाकतील. कागद कर. दोन-दोन तासांची वेळ, डावी कूस, उजवी कूस, पाठ, आणि पुढे तुझी सही, जेवणाचा आणि लघवीचा पण कॉलम. पलंगाजवळ लटकव. सकाळी हँडओव्हरला तोच कागद पुढे कर. ड्युटी घेतानाही सिस्टरबरोबर पाठ बघून घे, लाली आधीपासून होती की नाही ते तिथल्या तिथे ठरतं.

लीड्सवाला
इकडे इंग्लंडात नर्सिंग होममध्ये आहे. इथे नर्सला एनएमसीचा (इथलं नर्सिंग कौन्सिल) पिन म्हणजे नोंदणी क्रमांक असतो, हेल्थ केअर असिस्टंटला नोंदणी नाही. मधली नर्सिंग असोसिएट म्हणून पोस्ट आहे, तिची नोंदणी २०१९ पासून. नर्सने असिस्टंटला काम सोपवलं तर तिला ते येतंय याची खात्री करायची जबाबदारी नर्सची. काही ठिकाणी केअर वर्कर इन्सुलिन देतातही, पण ट्रेनिंग, तपासणी, सगळं लेखी. भरून ठेवलेली सुई दुसऱ्याने टोचायची हे ऐकून इथली मॅनेजर चक्कर येऊन पडेल.

ब्रदर_आयसीयू
लीड्सचं लीड्सला. ताई, आज रात्री असं म्हणा: सिस्टर, साखर तपासून आकडा देते, आजी किती जेवल्या ते सांगते, टोचायला तुम्ही या, मी आजींना धरते. 'नाही' शब्दच येऊ देऊ नका. आणि ब्युरोच्या कोऑर्डिनेटरला व्हॉट्सॲपवर एक मेसेज, इंजेक्शन देणं माझ्या कामात बसतं का, लेखी कळवा. त्यांना तुम्हाला पाठवायचं कमिशन मिळतं, उत्तर द्यायला त्यांना भाग पडेल.

निवृत्त_सिस्टर
यावर सहमत. आणि मेसेजमध्ये सिस्टरचं नाव घालू नको, तिच्याबरोबरच रात्र काढायचीय.

हिशोबी
ब्युरो महिन्याला किती कापून घेतात हल्ली? आमच्याकडे घरी ठेवलेल्या बाईंचे दोघांकडून घेतात.

रातराणी_पुणे
काल तसंच म्हटलं. सिस्टर चिडल्या, म्हणाल्या मग खाली यायला मला उशीर होईल, मी म्हटलं मग जेवण पण तेव्हाच भरवते. आल्या, आजींनी थोडं खाल्लं तेवढ्यावर डॉक्टरांना फोन करून डोस कमी केला. सकाळी हँडओव्हरला माझ्याबद्दल काही नाही, कागद बघितला फक्त. पण सेंटरच्या मॅडम म्हणतात पलंगाला कागद लावू नका, नातेवाईक प्रश्न विचारतात. ब्युरोने मेसेज वाचलाय, उत्तर नाही.

आईचा_मुलगा
नातेवाईकांनी प्रश्न विचारू नयेत म्हणून? धन्य आहे.

निवृत्त_सिस्टर
वहीत लिही, वही सिस्टरच्या टेबलावर. त्याला नाही म्हणता येणार नाही.

शेवग्याची_शेंग
@लीड्सवाला, माझ्या भाचीने जीडीए केलंय, तिकडे यायला काय लागेल?

लीड्सवाला
केअर वर्करसाठी बाहेरून नवीन भरती जुलै २०२५ पासून बंद आहे. नर्स असेल तर इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस ७, रायटिंगला ६.५ चालतं, नाहीतर ओईटी ही दुसरी परीक्षा. एजंटला पैसे देऊ नका.

ब्रदर_आयसीयू
यासाठी वेगळा धागा काढा हो.