थेलेमा म्हणजे 'वाट्टेल ते करा' नव्हे!

निर्गुणी:
परवाच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलंय की अलेस्टर क्रौली या इंग्रज गूढवाद्याने काढलेला थेलेमा हा पंथ म्हणजे "दारूच्या कारखान्याच्या पैशावर वाढलेल्या पोराने स्वैराचारावर लावलेली धर्माची पाटी". खाली भराभर +१. तिथेच लिहायला बसलो होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

१९०४ च्या एप्रिलमध्ये कैरोत तीन दिवस, रोज दुपारी बारा ते एक, क्रौलीने जे पुस्तक ('द बुक ऑफ द लॉ') उतरवून घेतलं त्यातलं एकच वाक्य सगळ्यांना पाठ आहे: तुझी इच्छा असेल ते कर, हाच सगळा कायदा. पण इच्छा म्हणजे रात्री दोनला फ्रिज उघडावासा वाटणं नव्हे. प्रत्येक स्त्री-पुरुष हा एक तारा, ज्याची त्याची कक्षा ठरलेली. ती शोधायची आणि तिथून ढळायचं नाही. टक्कर होते ती कुणीतरी कक्षा सोडल्यामुळे. याहून कडक बंधन नाही, हे क्रौलीनेच लिहून ठेवलंय. गीतेतला स्वधर्म यापासून किती लांब आहे? सगळं सांगून झाल्यावर कृष्णही "यथेच्छसि तथा कुरु" म्हणतोच ना? तिथे कुणाला स्वैराचार दिसत नाही.

उंटावरचा_शहाणा:
सोयीचं तेवढं वाचलंत. त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात करुणा हा राजांचा दुर्गुण आहे, दुर्बळांना तुडवा, असं स्वच्छ लिहिलंय. ते कुठल्या कक्षेत बसतं?

शिवाय कल्पना उसनी. फ्रेंच लेखक राब्लेने सोळाव्या शतकातच असा मठ रंगवला होता, नियम एकच, मनाला येईल ते करा. पण राब्लेने सोबत कारणही दिलं की आतली माणसं कुलीन, शिकलेली, चांगल्या संगतीतली आहेत म्हणून हे जमतं. क्रौलीने १९२० मध्ये सिसिलीत चेफालूला खराच मठ काढला. १९२३ मध्ये तिथे लव्हडे नावाचा ऑक्सफर्डचा पोरगा दगावला आणि मुसोलिनीच्या सरकारने क्रौलीला देशाबाहेर काढलं. मुसोलिनीलासुद्धा नकोसा झाला, बोला!

निर्गुणी:
मुसोलिनीचं प्रशस्तिपत्र? शाबास. लव्हडे पोटाच्या आजाराने गेला, बहुधा झऱ्याच्या दूषित पाण्याने. क्रौली संत होता असं मी म्हणतच नाहीये. माणूस बाजूला ठेवा, विचारावर बोला.

वरणफळ:
माणूस बाजूला कसा ठेवणार? त्याची नेमून दिलेली साधना बघा. 'मी' हा शब्द तोंडून निघाला की वस्तऱ्याने आपल्याच हातावर चीर द्यायची. चेफालूत हे शिष्य करत होते. "मी चहा घेतो" म्हटलं की रक्त. हे म्हणे इच्छास्वातंत्र्य!

निर्गुणी:
बोलताना भान राहावं म्हणून होती ती साधना. अहंकार आणि इच्छा वेगळ्या काढायच्या तर 'मी'लाच हात घालावा लागणार. आपल्याकडे एका पायावर उभं राहून तप केलं की डोळे पाणावतात, इथे मात्र सगळं विकृत.

कातळकडा:
तत्त्वज्ञान मला कळत नाही, डोंगर कळतो. १९०५, कांचनगंगा, यालुंग हिमनदीची बाजू. चढाईचा नेता क्रौली. १ सप्टेंबरच्या संध्याकाळी खाली उतरणाऱ्यांवर हिमप्रपात कोसळला. पाशे नावाचा स्विस गडी आणि तीन हमाल गाडले गेले. हाका ऐकून वरच्या तंबूतला सोबती रेमंड मदतीला उतरला. नेतेमहाशय तंबूत! वर पेपरला लिहून कळवलं की अशा अपघातांबद्दल आपल्याला काडीची सहानुभूती नाही. तुमचा तारा आपल्या कक्षेत होता म्हणायचा का?

निर्गुणी:
इतक्या उशिरा उतरू नका असं त्याने बजावलं होतं, हे का गाळता? ते आपल्या मर्जीने गेले.

कातळकडा:
हेच! "आपल्या मर्जीने गेले." हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं माझं. माझी भाची एका ग्रुपबरोबर जुलैत कळसूबाईला गेली होती. शिडीपाशी गुडघा धरला. लीडर म्हणाला, "ताई, इथेच बसा, येताना घेतो", आणि मंडळी उतरली दुसऱ्याच वाटेने. भर पावसात पोरगी कुडकुडत बसली. शेवटी पायथ्याच्या बारी गावातल्या एका सरबतवाल्याने हाताला धरून खाली आणली. जाब विचारला तर फॉर्म पुढे केला: "स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे", खाली तिची सही. माणसाची इच्छा फक्त सही घेण्यापुरती आठवते यांना.

रानपाखरू:
सगळ्या ग्रुपना एका माळेत ओवू नका. आम्हीही लोकांना नेतो. सपाट तळाचे बूट, पाण्याची अर्धी बाटली आणि कड्यावर रील काढायची घाई. थांबा म्हटलं तर "पैसे भरलेत". अशा माणसाच्या गुडघ्याला लीडरने किती दिवस पुरायचं?

कातळकडा:
पैसे घेताना गुडघे बघितले होते का? चाळीस माणसं आणि एक लीडर, मागे शेवटाला कुणीच नाही. झेपत नसेल तर नेऊ नका.

रानपाखरू:
आमच्यात शेवटाला कायम एक जण असतो. न बघता आरोप करायची खोड आहे तुम्हाला.

वरणफळ:
धाग्याचं नाव 'कळसूबाई' करा आता.

शेवटचा_बाक:
एवढ्या गदारोळात स्वधर्माची ओळ सगळ्यांनी गिळली. "ज्याची त्याची कक्षा ठरलेली" हे ऐकायला फार गोड आहे. आमच्या पणजोबांची कक्षाही ठरलेली होती. गावाने ठरवली होती, गावाबाहेर. कक्षा सोडली की टक्कर होते म्हणता ना? तळ्यावर पाणी प्यायला गेलो तेव्हा झालीच की महाडला, १९२७ मध्ये. कक्षा कुणाची सुटली होती?

निर्गुणी:
थेलेमात कक्षा जन्माने ठरत नाही, ज्याची त्याने शोधायची असते. फरक आहे.

शेवटचा_बाक:
शोधायची, आणि बरोबर सापडली की नाही हे गुरूला विचारायचं. 'मी' म्हणायची सोय नाही, मग 'मला ही कक्षा नको' हे म्हणायचं कुणी?

उंटावरचा_शहाणा:
क्या बात! ज्ञानोबांनीही "जो जे वांछील तो ते लाहो" म्हणायच्या आधी खळांची व्यंकटी सांडून घेतली.

निर्गुणी:
आणि ती सांडली की नाही हे तपासायला तुमची समिती बसणार? बरं, कांचनगंगेच्या तंबूपुरता क्रौली नालायक, घ्या, लिहून दिलं. शेवटचा_बाक यांच्या प्रश्नावर सवडीने लिहीन. बाकीच्यांनी कळसूबाई चालू द्या.

कातळकडा:
चालूच आहे. रानपाखरू, शेवटाला एक जण असतो म्हणालात. त्याच्याकडे दोर असतो का?