जंताचं औषध पाजूनही शेळ्यांचे डोळे पांढरेच, काय करावं?

शेळीपालक तुळजापूर:
माझ्याकडे 26 उस्मानाबादी आहेत, माळावर चरायला सोडतो. जूनपासून दर महिन्याला जंताचं औषध पाजतोय, सगळ्यांना सरसकट 5 मिली. तरी श्रावणात तीन शेळ्या गेल्या. आधी जबड्याखाली पाणी उतरायचं, सकाळी कमी आणि चरून आल्यावर संध्याकाळी जास्त. हगवण अजिबात नव्हती, लेंड्या घट्ट होत्या, म्हणून जंताचा संशयच आला नाही. तिसरी मेली तेव्हा डॉक्टरांनी ती फाडून दाखवली. चौथ्या पोटात सुतासारखे लाल-पांढरे पिळाचे किडे वळवळत होते. औषध पाजून तेव्हा नऊच दिवस झाले होते! तीन वेळा कंपनी बदलली. आता कुठलं औषध आणू? पुढच्या महिन्यात सहा शेळ्या विणार आहेत, रात्री झोप लागत नाही.

पशुवैद्य, सोलापूर:
दादा, आधी तिन्ही बाटल्यांवरचं घटकद्रव्य वाचून सांगा.

शेळीपालक तुळजापूर:
तिन्हींवर अल्बेंडाझोल 2.5 टक्के.

पशुवैद्य, सोलापूर:
म्हणजे लेबल बदललं, औषध तेच राहिलं. आता हिशोब बघा. 2.5 टक्के म्हणजे 1 मिलीत 25 मिलिग्रॅम. 5 मिलीत 125. तुमची शेळी 30 किलोची धरली तर किलोला जेमतेम 4 मिलिग्रॅम पडले. मेंढीलाही हे कमीच, आणि शेळीचं शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. शेळीला साधारण 10 लागतात, म्हणजे 12 मिली. अर्ध्याहून कमी डोसात नाजूक जंत मेले, चिवट उरले. या जंताची एक मादी दिवसाला 5,000 च्या वर अंडी घालते. दर महिन्याला चिवटांचीच पैदास माळावर पसरली.
मात्र हे वाचून आज लगेच 12 मिली पाजू नका. गाभण शेळीला, विशेषतः पहिल्या महिन्यात, अल्बेंडाझोल टाळायचं असतं. आणि औषध लागू पडतं का, ते आधी तपासा. दहा शेळ्यांच्या ताज्या लेंड्या थेट गुदद्वारातून घ्या, प्रत्येकीची वेगळी पुडी. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत अंडी मोजून घ्या. मग वजन करून पूर्ण डोस, आणि चौदाव्या दिवशी त्याच शेळ्यांच्या लेंड्या पुन्हा. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली तर ते औषध तुमच्या कळपात निकामी होत चाललंय.

मेंढपाळ, माण:
आमचंही असंच झालं होतं. हे जंत रक्त पितात, त्यानं पापणी आतून पांढरी पडते. आता दर पंधरा दिवसांनी प्रत्येक जनावराची खालची पापणी उलटून बघतो. लालबुंद असेल तर औषध नाही, पांढरट असेल त्यालाच. दव असताना वाडा सोडत नाही, जंताची पिल्लं ओल्या गवतावर चढून बसतात.

शेळीपालक तुळजापूर:
पण लाल डोळ्याच्या सोडल्या तर त्यांच्यातले जंत राहतील ना?

पशुवैद्य, सोलापूर:
राहू द्या, तेच हवंय. त्यांच्यातल्या जंतांना औषधाचा मारा बसलेला नाही, त्यात नाजूक जंत शिल्लक असतात. त्यांची अंडी माळावर पडली की चिवटांचं पीक एकट्यानं वाढत नाही. सगळ्यांना पाजलं तर पुढची पिढी फक्त चिवटांची. पापणीच्या रंगाचा पाच पायऱ्यांचा तक्ता दक्षिण आफ्रिकेत याच जंतासाठी बनला. 1 म्हणजे लालबुंद, 5 म्हणजे पांढरीफट. 4 आणि 5 ला औषध द्यायचंच, 1 आणि 2 ला नाही. 3 ला गाभण, दूध देणारी किंवा लहान करडू असेल तर द्या.

शेळीपालक तुळजापूर (तीन आठवड्यांनी):
गाभण सहा वगळून बाकीच्यांतल्या दहांची तपासणी केली. आधी ग्रॅमला सरासरी 1800 अंडी, पूर्ण डोसनंतर 1100. म्हणजे 39 टक्केच घट. डॉक्टरांनी दुसऱ्या गटातलं लेव्हामिसोल लिहून दिलंय. त्यात डोस जास्त झाला तर विषबाधा होते म्हणाले, म्हणून काल झोळी बांधून काट्यावर एकेक शेळी तोलली. मी 30 ची समजत होतो ती मोरी 38 भरली! पांढऱ्या डोळ्याच्या नऊंनाच पाजलं. चौदाव्या दिवशी पुन्हा लेंड्या देणार आहे. आकडा आला की इथंच टाकतो.