मदत हवी आहे: हे उदमांजर की जवादी मांजर?

काल रात्री साडेअकराला, कोथरूडमध्ये आमच्या मागच्या भिंतीवरून एक प्राणी सावकाश चालत गेला. मांजरापेक्षा लांबट, पाय आखूड, तोंड निमुळतं, डोळ्यांभोवती काळं. शेपटी जवळजवळ अंगाएवढी, पूर्ण काळी. जवादी मांजराच्या शेपटीवर कडी असतात, ती दिसली नाहीत, म्हणून मला उदमांजर वाटतंय. पाठीवरचे पट्टे अंधारात कळले नाहीत.

सकाळी पत्र्यावर पपईच्या बियांनी भरलेली विष्ठा होती, आणि माळ्यावर अगदी आंबेमोहोर शिजल्यासारखा वास! शेजारी पिंजरा लावायचं म्हणताहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने दोन्हींना संरक्षण आहे, हे सांगून थांबवलंय. पण वर पिल्लं असली तर? त्यांना न बिथरवता कसं पाहावं? कृपया लवकर सांगा.