सातवीच्या मुलांना अनुभवावरचा निबंध मोबाईल-टॅबवर आखायला कसं शिकवताय?

घाटावरची_बाई
नमस्कार सगळ्यांना. वाई तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, सहावी-सातवीला मराठी शिकवते. विषय दिला 'न विसरता येणारा दिवस' आणि अर्ध्याहून जास्त वह्यांत सुरुवात एकच, पहाटेची वेळ होती, पक्ष्यांचा किलबिलाट चालला होता, आणि शेवट 'असा हा दिवस माझ्या कायम स्मरणात राहील'. सगळं गाईडातलं पाठ केलेलं. आणि हीच पोरं मधल्या सुट्टीत बोलायला लागली की ऐकत बसावं असं बोलतात. बावधनचा एक मुलगा आहे, रंगपंचमीला बगाड (यात्रेतला मोठा लाकडी गाडा) ओढायला त्याच्या चुलत्याची बैलं जुंपली होती, ते तो मला हातवारे करून सांगत होता, बैलं जुंपताना गर्दीत त्याची चप्पल निघाली, तो वाकला आणि चुलता त्याच्याकडं न बघताच ओरडला 'मागं हो!' आणि वहीत काय लिहिलं, तर 'आमच्या गावची यात्रा फार मोठी असते. लांबून लोक येतात.' संपलं.

यांना लिहिता येतंय हो, पण लिहायच्या आधी आठवणीतलं नेमकं काय घ्यायचं हे ठरवायची सवयच नाही. शाळेत लोकवर्गणीतून आलेला स्मार्ट टीव्ही आहे, थोडे टॅब आहेत, एक लॅपटॉप. नेट येतं-जातं. माइंड मॅपची (मधे विषय आणि भोवती मुद्दे मांडायचं चित्र) ॲप बघितली, बरीचशी इंग्रजीत. कुणी प्रत्यक्ष वर्गात केलंय का? आणि घरून एआयचा तयार निबंध आणतात त्याचं काय करता?

शिराळकर_मास्तर
मॅडम, ॲप राहू द्या, आधी आवाज. टॅबमध्ये रेकॉर्डर असतोच, त्याला नेट लागत नाही. दोघादोघांच्या जोड्या करा, एकानं दोन मिनिटं सांगायचं, दुसऱ्यानं मधे बोलायचं नाही. झालं की प्रश्न विचारायचे, पण 'मग काय झालं' हा प्रश्न बंद, कारण त्यानं नुसतं पुढं पळणं होतं. तू कुठं उभा होतास, हातात काय होतं, कोण काय बोललं, असं विचारायचं. मग दोघांनी मिळून रेकॉर्डिंग ऐकायचं आणि जिथं सांगणाऱ्याचा आवाज चढलाय किंवा अडखळलाय तिथं थांबवून तेवढंच वाक्य त्याच्याच शब्दात टाईप करायचं. 'लय भ्या वाटलं' म्हणाला असेल तर 'लय भ्या वाटलं'च. शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्यात बघता येतं. जीबोर्डमध्ये (गूगलचा कीबोर्ड) मराठी बोलून टाईप होतं, तेही चालेल, फक्त बोलीतल्या शब्दाचं ते कधीकधी भलतंच करून ठेवतं, तेव्हा मुलांनाच दुरुस्त करायला लावा, त्या निमित्तानं स्वतःचं वाक्य परत वाचलं जातं.

पुढं लॅपटॉपवर स्लाइड. एका स्लाइडवर एकच वाक्य, चित्र नाही, रंग नाही. पाच-सात झाल्या की स्लाइड सॉर्टर उघडायचा, सगळ्या लहान होऊन शेजारी शेजारी दिसतात, लॅपटॉप टीव्हीला जोडला की अख्ख्या वर्गाला दिसतं. मग माऊसनं ओढून जागा बदलायच्या. तुमच्या त्या पोराची चपलेची स्लाइड पहिली ठेवून वाचा, मग तीच शेवटी टाकून वाचा आणि वर्गाला विचारा पुढचं कधी ऐकावंसं वाटलं. क्रम बदलला की सगळा निबंध बदलतो हे वहीत पटवून देता येत नाही, कारण वहीत बदलायचं म्हणजे सगळं परत लिहायचं, आणि त्याला पोरं कंटाळतात. लिब्रे ऑफिसचं इम्प्रेस फुकट आहे, नेटशिवाय चालतं, मराठी टाईप होतं.

येरळाकाठ
मी शिक्षक नाही, पालक आहे, कडेगाव तालुक्यातला. आमच्या इकडं मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला बसतात. गावानं एवढं जमवून आणलंय आणि शाळेनं घरचा अभ्यास मोबाईलवर दिला तर आम्ही पोरांना कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? दुसरं म्हणजे घरात मोबाईल एक, तो बापाबरोबर उसाच्या फडात नाहीतर कारखान्यावर, रात्री आला तरी आधी पोराच्या हातात जातो, पोरीचा नंबर शेवटी. म्हणून विनंती आहे, जे काय यंत्रावर करायचं ते शाळेतच करा. घरी आजीला, आईला विचारून यायला सांगा, तेवढं कागदावर.

कोयनेचं_पाणी
येरळाकाठ दादांचं मुलींबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आमच्या पाटण तालुक्यात वाड्यावस्त्यांवर हेच चित्र आहे.

बाई, माइंड मॅपचं म्हणाल तर आपल्या मुलांना ते नवीन नाहीच, कृतिपत्रिकेत 'आकृतिबंध पूर्ण करा', 'ओघतक्ता पूर्ण करा' हे ती कायम करतात, फक्त दुसऱ्याच्या धड्यावर. तोच आकृतिबंध रिकामा द्या आणि स्वतःच्या आठवणीवर भरायला लावा. एक अट घाला, मधल्या गोलात विषय लिहायचा नाही, एक क्षण लिहायचा. 'यात्रा' नाही, 'बैलं जुंपताना'. बाहेरच्या गोलांत काय दिसलं, काय ऐकू आलं, कोण काय म्हणालं, अंगात काय झालं, आणि काय तेव्हा कळलं नाही पण आता कळतंय. हा शेवटचा गोल बऱ्याच मुलांचा रिकामा राहतो, राहू द्या, तिथं मोठ्यांनी तात्पर्य भरलं की परत गाईड सुरू.

हे टॅबवरच्या साध्या चित्राच्या ॲपमध्येसुद्धा होतं. एकाच ॲपवर सगळं बसवू नका, गूगलचं जॅमबोर्ड, म्हणजे ऑनलाइन फळा, किती शाळांनी धरलं होतं, २०२४ च्या शेवटी ते बंद झालं. पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायची सवय लावा.

एआयबद्दल, चॅटजीपीटीच्या नियमातच तेरा वर्षांखालच्या मुलांनी वापरू नये असं आहे, म्हणजे तुमच्या वर्गातले बहुतेक बाद. मी माझ्या खात्यावरून टीव्हीवर सगळ्यांसमोर उघडते, मुलाचं नाव-गाव न घालता त्याची चार वाक्यं टाकते आणि सांगते की निबंध लिहू नकोस, फक्त प्रश्न विचार. त्यातले निम्मे प्रश्न पुस्तकीच असतात, ते कुठले हे मुलांनीच ओळखायचं, आणि उरलेल्याची उत्तरं ज्याची आठवण आहे त्यानंच द्यायची.

आयर्विन_पूल
सांगलीतून. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. आमच्या वर्गातल्या मुलांना २०१९ चा महापूर आठवतो, तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती. लिहायला सांगितलं की आधी 'पुलाजवळ पाणी ४५ फुटांच्या धोक्याच्या पातळीवर गेलं' असं येतं, ते घरात मोठ्यांकडून ऐकलेलं. रेकॉर्डरवर बोलायला लावल्यावर एकजण म्हणाला, दप्तर माळ्यावर ठेवलं आणि मला मामाच्या खांद्यावर घेतलं, माझ्या पायाला पाणी लागत होतं. हे त्याचं स्वतःचं. पण बोलताना रडला. अशा वेळी रेकॉर्डिंग थांबवायचं आणि ते ठेवायचं का पुसायचं हे त्यालाच विचारायचं. आणि हात जोडून सांगतो, मुलांचे आवाज 'बघा किती छान बोललाय' म्हणून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एकदा गेलं की गावभर फिरतं, आणि ते पोर परत खरं काही सांगत नाही.

घाटावरची_बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. रेकॉर्डर आणि स्लाइड दोन्ही केलं, सगळं शाळेतच. बगाडवाल्या मुलानं चपलेची स्लाइड पहिली ठेवली, वर्ग म्हणाला बरोबर, पण एक मुलगी उठून म्हणाली की आधी बैलांचं सांग, नाहीतर तुझा चुलता का ओरडला ते कळत नाही. त्यावर तास संपेपर्यंत वाद चालला आणि त्यानं मधे एक नवीन स्लाइड घातली, 'बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला की सगळे बाजूला होतात.' ही तोपर्यंत कुणालाच सांगितली नव्हती त्यानं. मात्र आता एक अडचण, स्लाइडवरची वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवतायत, सात ओळीत निबंध खलास.

शिराळकर_मास्तर
स्लाइड समोर ठेवून लिहायला देऊच नका मॅडम. प्रत्येक स्लाइडचे दोन शब्द वहीच्या समासात लिहून घ्या, 'चप्पल', 'घुंगरं', 'मागं हो', आणि टीव्ही बंद करा. एका शब्दाला एक परिच्छेद. लिहून झालं की परत पहिलं रेकॉर्डिंग ऐकवा, बोलताना सांगितलेलं आणि लिहिताना सुटलेलं त्यांनाच सापडतं, ते वेगळ्या पेननं मधे घालू द्या. खाडाखोडीचे मार्क मात्र कापू नका.